न्यूक्लिओसाइड संश्लेषण: यील्ड नेमका कुठे गळतो आणि तो कसा राखायचा

पावसाळा लागला की कलिना, माटुंगा, पवईच्या लॅबमध्ये आणि तळोजा-अंबरनाथच्या आर अँड डी विभागांत न्यूक्लिओसाइड (शर्करा आणि नायट्रोजनयुक्त बेस जोडून बनणारे रेणू) करणाऱ्यांची एकच तक्रार ऐकू येते. हिवाळ्यात सुरळीत चाललेली रिअ‍ॅक्शन आता अर्ध्यावर अडते, टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या सिलिकाच्या प्लेटवर, चार-पाच स्पॉट दिसतात आणि कॉलमनंतर, म्हणजे सिलिकाच्या नळीतून शुद्ध केल्यावर, हाती फारसं काही लागत नाही, यील्ड गळतो. मग उत्प्रेरक बदलतो, तापमान चढतं, सगळ्याचे इक्विव्हॅलंट (शर्करेच्या तुलनेतलं मोल-प्रमाण) दुप्पट होतात. आठवडा निघून जातो आणि गोष्ट तिथल्या तिथेच राहते.

व्होरब्रुगेन ग्लायकोसिडेशनमध्ये, म्हणजे सिलिल केलेला (सिलिकॉनचा गट चढवलेला) बेस आणि अ‍ॅसिल-संरक्षित (हायड्रॉक्सिल झाकलेली) शर्करा लुइस आम्लाच्या (इलेक्ट्रॉनची जोडी घेणाऱ्या उत्प्रेरकाच्या) साहाय्याने जोडताना, माल बहुतेक वेळा तीन ठिकाणी हरवतो. सिलिलेशनच्या आधी शिरलेलं पाणी, घाईत उरकलेलं क्वेंचिंग (रिअ‍ॅक्शन थांबवणं) आणि शेवटी शर्करेवरचे बेंझॉइल हे संरक्षक गट काढतानाची ढिलाई. मधली जोडणी स्वतःहून सहसा दगा देत नाही. म्हणून उत्प्रेरकाला हात लावण्याआधी पाणी मोजा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून ५-मिथाइलयुरिडीन घेऊ. थायमीन स्वस्त आहे, शर्करा स्फटिकरूपात बाजारात मिळते आणि याच रेणूपासून पुढे स्टॅव्हुडीनसारखं एचआयव्हीविरोधी औषध बनवता येतं. हात बसवायला याहून चांगला रेणू नाही. अ‍ॅझासिटिडीन किंवा जेमसिटाबीनच्या जातीचे पेशीघातक रेणू पहिल्याच प्रयत्नात करायला घेऊ नका.

## १. आधी कागदावर हिशेब

१० मिलिमोलचं प्रमाण धरू:

- १-ओ-अ‍ॅसिटाइल-२,३,५-ट्राय-ओ-बेंझॉइल-बीटा-डी-रायबोफ्युरॅनोज: ५.०४ ग्रॅम, १० मिलिमोल
- थायमीन: १.३९ ग्रॅम, ११ मिलिमोल
- बीएसए, म्हणजे बिस-ट्रायमिथाइलसिलिल अ‍ॅसिटामाइड: ६.७ मिली, २७.५ मिलिमोल
- टीएमएसओटीएफ, म्हणजे ट्रायमिथाइलसिलिल ट्रायफ्लेट: २.१७ मिली, १२ मिलिमोल
- कोरडं अ‍ॅसिटोनायट्राइल: ५० मिली

बीएसएचा आकडा बारकाईने बघा. थायमीनच्या एका रेणूवर दोन सिलिल गट बसतात, म्हणजे ११ मिलिमोलला २२ मिलिमोल सिलिल लागले. बीएसएचा एक सिलिल चटकन सुटतो, दुसरा सावकाश. त्यामुळे भरवशाने हिशेबात धरायचा तो एकच, आणि शिल्लक उरते ५.५ मिलिमोलची.

आता पाण्याकडे या. चार वेळा उघडलेल्या बाटलीतल्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये १००० पीपीएम पाणी असेल, तर ५० मिलीमध्ये ते साधारण ३९ मिलिग्रॅम भरतं, म्हणजे २.२ मिलिमोल. पाण्याचा एक रेणू दोन सिलिल गिळून हेक्सामिथाइलडायसिलोक्सेन होतो. म्हणजे ४.४ मिलिमोल सिलिल एकट्या सॉल्व्हंटने खाल्ले. थायमीनमधला, शर्करेवरचा आणि काचेवरचा ओलावा अजून मोजलेलाही नाही. ही शिल्लक संपली की उरलेलं पाणी टीएमएसओटीएफवर तुटून पडतं आणि फ्लास्कमध्ये ट्रायफ्लिक आम्ल तयार होतं. ते शर्करेचा पहिला कार्बन उघडा पाडतं. टीएलसीवर दिसणारा तो लांबट, ओघळलेला स्पॉट बहुधा याचाच असतो.

तपासणी: पाणी मोजणारं कार्ल फिशर यंत्र असेल तर सॉल्व्हंट त्याच दिवशी मोजा. ५० पीपीएमच्या खाली असेल तरच पुढे जा. यंत्र नसेल तर शेजारच्या विभागात विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे.

## २. सुकवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

अ‍ॅसिटोनायट्राइलसाठी मॉलिक्युलर सीव्ह ३ आंगस्ट्रॉमच्याच हव्यात. ४ आंगस्ट्रॉमच्या छिद्रांत अ‍ॅसिटोनायट्राइलचा रेणू स्वतःच शिरतो आणि पाण्याची जागा अडवतो. प्रिन्सेस स्ट्रीटवरून सीव्ह आणताना हा आकडा लेबलवर वाचून घ्या, दुकानदाराच्या बोलण्यावर सोडू नका. नव्या डब्यातल्या सीव्हही कोरड्या असतात असं समजू नका. व्हॅक्यूम लावून ३०० अंशांपर्यंत तापवा, नायट्रोजनखाली थंड करा आणि सॉल्व्हंटवर किमान २४ तास, जमलं तर ४८ तास राहू द्या. नुसत्या १२० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेल्या सीव्ह अर्धवटच जाग्या होतात.

थायमीन व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० ते १०० अंशांवर रात्रभर ठेवा. शर्करा कोरड्या टोल्युइनमध्ये विरघळवून रोटावर (रोटरी इव्हॅपोरेटरवर) दोनदा उडवा आणि मग तेलाच्या पंपावर दोन तास लावा. काचेची भांडी ओव्हनमधून काढून गरम असतानाच जोडा आणि नायट्रोजनखाली थंड होऊ द्या.

मुंबईच्या जुलैत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूला इथे घाम फुटतो. फ्रिजमधून काढलेली टीएमएसओटीएफची बाटली लगेच उघडली तर झाकणाच्या आत पाणी धरलंच म्हणून समजा. बर्फात ठेवलेल्या फ्लास्कचं सेप्टम (रबरी बूच) शर्करा टाकायला उघडलं की हवेबरोबर पाणीही आत जातं. म्हणून पावसाळ्यात क्रम बदला: थायमीन आणि शर्करा दोन्ही सुरुवातीलाच एका फ्लास्कमध्ये घ्या, टोल्युइनने एकत्र सुकवा आणि शेवटपर्यंत सेप्टम उघडू नका. पुढचं सगळं सिरिंजने.

सावधान: नायट्रोजनचा रबरी फुगा रात्रभर भरवशाचा नसतो. रबरातून ओलावा झिरपतो. सिलिंडरची लाइन आणि बबलर असेल तर तेच लावा.

## ३. सिलिलेशन

सुकलेल्या मिश्रणात अ‍ॅसिटोनायट्राइल घाला, मग बीएसए. सुरुवातीला थायमीन खाली पांढरं बसून राहतं. ऑइल बाथ ७० अंशांवर ठेवून ढवळत राहा. अर्ध्या ते एका तासात द्रव पूर्ण निवळायला हवा, इतका की फ्लास्कमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत.

इथेच घाई होते. तळाशी चिमूटभर पांढरं उरलेलं असताना «बाकीचं पुढे विरघळेल» म्हणून टीएमएसओटीएफ घातलं जातं. पुढे ते विरघळत नाही. न सिलिल झालेला बेस तसाच राहतो आणि लुइस आम्ल धरून बसतो.

तपासणी: निवळलेला द्रव खोलीच्या तापमानाला आणा. पुन्हा गढूळ झाला तर सिलिलेशन बहुधा अपुरं आहे. ०.३ इक्विव्हॅलंट बीएसए वाढवा आणि पुन्हा तापवा. तरीही निवळलं नाही तर थांबा, सॉल्व्हंटकडे परत जा. या टप्प्यावर शर्करा अजून शाबूत असते, नुकसान फक्त बीएसएचं.

बीएसएऐवजी एचएमडीएस, म्हणजे हेक्सामिथाइलडायसिलाझेन, वापरत असाल तर दोन गोष्टी वेगळ्या. अमोनियम सल्फेटचा चिमूटभर आधार घेऊन ते उकळत ठेवावं लागतं आणि अमोनिया बाहेर पडतो, त्यामुळे बंद फ्लास्क चालत नाही. नंतर उरलेलं एचएमडीएस व्हॅक्यूमखाली पूर्ण उडवावं लागतं, नाहीतर ते लुइस आम्ल निकामी करतं. व्हॅक्यूम तोडताना रोटाचा नॉब सरळ हवेत उघडण्याची सवय सगळ्यांना असते. सिलिल केलेल्या बेसवर मुंबईची हवा सोडली की तासाभराची मेहनत त्या एका क्षणात जाते. व्हॅक्यूम नेहमी नायट्रोजनने तोडा.

## ४. टीएमएसओटीएफ

बर्फाच्या बाथमध्ये फ्लास्क थंड करा. टीएमएसओटीएफ रंगहीन असायला हवं. तपकिरी झालेली बाटली बाजूला ठेवा. काचेच्या सिरिंजने पाच मिनिटांत थेंबथेंब घाला. प्लास्टिकच्या सिरिंजचं रबर यात फुगतं आणि दट्ट्या अडकतो. मग जोर लावताना सुई निसटते, आणि हे द्रव कातडीवर फार वाईट भाजतं. चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच, धूर ओढणाऱ्या हूडच्या आत.

सावधान: सुई किंवा सिरिंज टीएचएफने धुऊ नका आणि रिअ‍ॅक्शनमध्येही टीएचएफ आणू नका. ट्रायफ्लेटमुळे टीएचएफचं वलय उघडून पॉलिमर होतो आणि सुईत गोंद बसतो.

थेंब संपले की दहा मिनिटं ढवळा, मग ६० अंशांवर न्या. दोन ते तीन तास पुरतात.

टीएमएसओटीएफ एक इक्विव्हॅलंटपेक्षा थोडं जास्त का, असं बरेच जण विचारतात. सिलिल केलेला बेस स्वतः काही आम्ल धरून ठेवतो. बेस जितका जास्त आम्लारिधर्मी, तितकं जास्त धरतो. पण म्हणून थेट तीन इक्विव्हॅलंट घालू नका. त्याने वेग फारसा वाढत नाही, क्वेंचला मात्र त्रास होतो. टिन टेट्राक्लोराइड इथे मी सुचवत नाही. बेसशी त्याची घट्ट जोडी जमते, ५व्या जागी इलेक्ट्रॉन देणारा गट असलेल्या युरॅसिलमध्ये एन-३ वर, म्हणजे तिसऱ्या जागेच्या नायट्रोजनवर, जोडलेला नको असलेला समघटक वाढतो, आणि वर्कअपमध्ये टिनचा चिकट पायस (इमल्शन) सुटता सुटत नाही.

सॉल्व्हंट म्हणून १,२-डायक्लोरोइथेनही अनेक जुन्या कृतींत दिसतं. औषधाकडे जाणारा रेणू असेल तर ते टाळा. आयसीएच या औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या अवशिष्ट सॉल्व्हंटच्या यादीत ते पहिल्या वर्गात आहे, मर्यादा फक्त ५ पीपीएम. अ‍ॅसिटोनायट्राइलला ४१० पीपीएमपर्यंत मुभा आहे.

## ५. टीएलसी फसवू शकते

फ्लास्कमधला थेंब तसाच प्लेटवर ठेवू नका. त्यात आम्ल आहे, सिलिकावर ते शर्करा तोडतं आणि रिअ‍ॅक्शन खराब झाल्याचा भास होतो. लहान शिशीत चार थेंब बायकार्बोनेटचं द्रावण आणि तेवढंच इथाइल अ‍ॅसिटेट घ्या, त्यात नमुना हलवा आणि वरच्या थरातून स्पॉट द्या.

दुसरी फसगत यूव्हीची. बेंझॉइल गट शर्करेवरही आहेत आणि उत्पादनावरही, त्यामुळे २५४ नॅनोमीटरखाली दोन्ही सारखेच काळे दिसतात. प्लेट इथेनॉलमधल्या १० टक्के सल्फ्युरिक आम्लात बुडवून तापवा. शर्करा असलेले सगळे स्पॉट करपतात, नुसतं थायमीन करपत नाही. पेट्रोलियम ईथर आणि इथाइल अ‍ॅसिटेट १:१ मध्ये सुरुवातीची शर्करा वर चढते, उत्पादन खाली राहतं. प्लेटवर तीन रांगा हव्यात: शर्करा, मिश्रण आणि दोन्ही एकावर एक.

तपासणी: शर्करेचा स्पॉट संपला की थांबा. «अजून एक तास» ही सवय सोडा.

## ६. क्वेंच

घाईत सगळ्यात जास्त मार इथे बसतो. १२ मिलिमोल टीएमएसओटीएफपासून १२ मिलिमोल आम्ल मोकळं होतं आणि बायकार्बोनेटशी भिडल्यावर साधारण २९० मिली कार्बन डायऑक्साइड सुटतो. सेपरेटिंग फनेलमध्ये हे मिश्रण ओतून बूच लावलं तर बूच उडतं, आणि त्याबरोबर मालही.

मोठ्या बीकरमध्ये बर्फाने गार केलेलं संपृक्त सोडियम बायकार्बोनेट ६० मिली घ्या. चुंबकाने जोरात ढवळत रिअ‍ॅक्शनचं मिश्रण त्यात सावकाश ओता. बायकार्बोनेट फ्लास्कमध्ये ओतू नका, कारण तेव्हा सुरुवातीचा काही काळ सगळा माल आम्लातच राहतो. फेस बसल्यावर पीएच पट्टीवर ८ च्या आसपास आहे का बघा. मग १५० मिली इथाइल अ‍ॅसिटेट घालून फनेलमध्ये घ्या. अ‍ॅसिटोनायट्राइलमुळे थर वेगळे होत नसतील तर मिठाचं संपृक्त पाणी घाला.

सावधान: क्वेंच करण्याआधी अ‍ॅसिटोनायट्राइल रोटावर उडवायची युक्ती काही जण करतात. त्यात आम्ल तीव्र होत जातं आणि माल काळवंडतो.

सेंद्रिय थर पुन्हा एकदा बायकार्बोनेटने, मग मिठाच्या पाण्याने धुवा आणि सोडियम सल्फेटवर सुकवा. बीएसएपासून आलेलं अ‍ॅसिटामाइड पाण्यात निघून जातं.

## ७. कॉलम की स्फटिक

रिअ‍ॅक्शन स्वच्छ झाली असेल तर कॉलमची गरज नाही. गरम इथेनॉलमधून ट्रायबेंझोएट चांगलं बसतं. सैद्धांतिक वजन ५.७१ ग्रॅम. कॉलम करायचाच असेल आणि डायक्लोरोमिथेन वापरणार असाल, तर मे महिन्यात रोटाला नळाचं पाणी लावू नका. नळाचं पाणी ३० अंशांवर आणि डायक्लोरोमिथेन उकळतं ४० ला. निम्मं सॉल्व्हंट पंपात आणि तुमच्या श्वासात जातं. चिलर ५ अंशांवर ठेवा.

## ८. बेंझॉइल काढणं

कोरड्या मिथेनॉलमध्ये ०.२ इक्विव्हॅलंट सोडियम मेथॉक्साइड, खोलीच्या तापमानाला. घन मेथॉक्साइडची जुनी बाटली हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून मेलेली असते, म्हणून २५ टक्के द्रावणाची ताजी बाटली घ्या. मिथेनॉल ओलं असेल तर मेथॉक्साइडचं हायड्रॉक्साइड होतं, ते एस्टर तोडून सोडियम बेंझोएट बनवतं आणि आम्लारी तिथेच संपतो. मग रात्रभर ढवळूनही एक बेंझॉइल चिकटून राहतो. तासाने ओल्या पट्टीवर पीएच बघा. ९ च्या खाली उतरला असेल तर थोडं मेथॉक्साइड वाढवा.

टीएलसी डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल ९:१ मध्ये. तीन बेंझॉइल एकामागून एक निघतात, त्यामुळे मध्ये दोन-तीन स्पॉट दिसणं साहजिक आहे. सगळं एका खालच्या स्पॉटवर येईपर्यंत थांबा.

आता आम्लारी मारायचा. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर मीठ मागे राहतं आणि वजनात येतं. शंभर टक्क्यांवर गेलेल्या यील्डचं रहस्य बहुतेक वेळा हेच. आम्लरूपातलं डोवेक्स ५० रेझिन आधी मिथेनॉलने धुऊन घ्या, चमचा-चमचा टाका आणि पीएच ६ ते ७ वर आला की लगेच गाळा. आम्ल रेझिनवर रात्रभर ठेवू नका. पिरिमिडीन (थायमीनच्या जातीचं) रायबोसाइड टिकेल, प्युरीन (अ‍ॅडेनीनच्या जातीचं) आणि विशेषतः डीऑक्सी प्युरीनचा बेस सुटून पडेल.

गाळल्यावर मिथेनॉल उडवलं तरी मिथाइल बेंझोएट उरतं. ते १९९ अंशांना उकळतं, रोटावर जाणार नाही. अवशेष पाण्यात घ्या आणि दोनदा डायक्लोरोमिथेनने धुवा: एस्टर खाली जातं, न्यूक्लिओसाइड पाण्यात राहतं. पाण्याचा थर फेकू नका! माल त्यातच आहे. पाणी ४० अंशांखाली उडवा आणि इथेनॉलमधून स्फटिक घ्या. पूर्ण यील्ड धरला तर २.५८ ग्रॅम.

मिथेनॉलमधला अमोनिया हाही मार्ग आहे, पण तो फक्त एस्टरच तोडून थांबत नाही. बेसवर क्लोरीन असेल तर ते विस्थापित होऊ शकतं, मिथाइल एस्टर असेल तर अमाइड होतं. रायबाविरिनमध्ये नेमकं हेच हवं असतं, एकाच पायरीत दोन कामं होतात. तुमच्या रेणूत ते हवंय का, हे आधी ठरवा.

## ९. जे हवं होतं तेच मिळालं का

प्रोटॉन एनएमआर कोरड्या डीएमएसओ-डी६ मध्ये घ्या. उघडी राहिलेली बाटली पावसाळ्यात पाणी पिते आणि हायड्रॉक्सिलचे सिग्नल पसरट होतात. ५.८ पीपीएमजवळ एच-१ प्राइमचा (शर्करेच्या पहिल्या कार्बनवरच्या हायड्रोजनचा) डब्लेट, १.८ जवळ मिथाइल, ११.३ जवळ एनएच दिसायला हवेत.

बीटा की अल्फा, म्हणजे बेस शर्करेच्या वरच्या बाजूला की खालच्या, हे त्या डब्लेटच्या कपलिंगवरून ठरवू नका. रायबोजच्या वलयाची ठेवण बदलली की तो आकडा बदलतो. २-ओ-बेंझॉइल शेजारून मदत करतो म्हणून बीटा मिळणं अपेक्षित आहे, पण खात्री एनओईने (जवळजवळच्या हायड्रोजनचा संबंध दाखवणाऱ्या एनएमआर चाचणीने) करा: एच-१ प्राइम आणि एच-४ प्राइम एकाच बाजूला असतील तर बीटा.

बेस एन-१ वर जोडला गेला की एन-३ वर, यासाठी एचएमबीसी (हायड्रोजन आणि दोन-तीन बंधांवरचा कार्बन यांचा संबंध दाखवणारा एनएमआर) बघा. एच-१ प्राइमचा संबंध सी-२ आणि सी-६ शी दिसला तर एन-१, सी-२ आणि सी-४ शी दिसला तर एन-३. एनएमआरची पाळी लांब असेल तर साधा यूव्ही पुरतो. ५-मिथाइलयुरिडीनचं शिखर २६७ नॅनोमीटरला येतं. क्युव्हेटमध्ये थोडा पातळ सोडियम हायड्रॉक्साइड घाला. एन-१ समघटकाचं शिखर जवळपास जागेवर राहून उंची कमी होते. एन-३ समघटकाचं शिखर लांब तरंगलांबीकडे ठळकपणे सरकतं. ही चाचणी बेंझॉइल काढल्यानंतरच करा, आधी केली तर बेंझॉइलचं शोषण सगळं झाकून टाकतं.

## १०. दुसऱ्या बेसकडे जाताना

प्युरीनमध्ये एन-७ आणि एन-९ ची स्पर्धा असते. एन-७ बरेचदा आधी तयार होतो आणि आम्लाच्या सान्निध्यात जास्त वेळ तापवलं की एन-९ कडे वळतो. म्हणजे थायमीनला दिलेला «शर्करा संपली की थांबा» हा नियम इथे लावू नका, दर तासाला टीएलसी घेऊन खालचा स्पॉट वर वळेपर्यंत वाट बघा. एचएमबीसीत एच-१ प्राइमचा संबंध सी-४ शी असेल तर एन-९, सी-५ शी असेल तर एन-७.

२-डीऑक्सी शर्करेत शेजारून मदत करणारा गटच नाही, त्यामुळे हीच कृती तशीच उचलली तर अल्फा आणि बीटाची खिचडी मिळते. तिथे टोल्युऑइल-संरक्षित अल्फा क्लोरोशर्करा, सिलिल केलेला बेस आणि क्लोरोफॉर्मसारखं कमी ध्रुवीय सॉल्व्हंट घ्या, लुइस आम्ल नको. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ती क्लोरोशर्करा स्वतःच अल्फाची बीटा होत जाते. ती बनवल्या दिवशीच वापरा.

५-अ‍ॅझासायटोसीन, म्हणजे अ‍ॅझासिटिडीनचा बेस, याचं वलय पाण्यात, आणि त्याहून वेगाने आम्लारीत, उघडतं. त्याचं क्वेंच गार ठेवून मिनिटांत उरका, बायकार्बोनेटच्या थरात माल जेवणाची सुट्टी होईपर्यंत सोडू नका. बेंझॉइलऐवजी अ‍ॅसिटाइल शर्करा घ्या आणि गट काढायला अगदी कोरडं मिथेनॉल आणि थोडंसं मेथॉक्साइड वापरा. अ‍ॅझासिटिडीन मिथेनॉलमधून स्वतःच खाली बसतं, म्हणजे पाण्याशी गाठच पडत नाही. ही पावडर पेशीघातक आहे. वजन हूडमध्ये करा, दुहेरी हातमोजे घाला, आणि तिला लागलेले टिश्यू, सिलिका व हातमोजे वेगळ्या लेबलच्या पिशवीत बांधा. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचा कॅनही इतर कचऱ्यापासून वेगळाच ठेवा.